काढलेलं पाणी परत घालताना: घरी कॉकटेल शिकणाऱ्यांसाठी

माझी पहिली डायक्विरी कोमट, जळजळीत आणि आंबटढोण झाली होती. पांढरी रम, लिंबू, साखर, सगळं होतं. बर्फही होता, पण अर्धा तास वाटीत पडून ओलाकच्च झालेले चार खडे. झाकण उडेल या भीतीने शेकर पाच-सहा वेळा हलवला आणि ओतून मोकळा झालो. दोष मी रमला दिला. पुढच्या वेळी महागडी रम आणली आणि तितकंच वाईट पेय पुन्हा बनवलं. चूक पाण्याची आहे हे कळायला बराच काळ गेला.

दारू गाळणारा माणूस सगळा खटाटोप करतो तो पाणी काढण्यासाठी. कॉकटेल करणारा तेच पाणी परत घालतो, पण बर्फाच्या रूपात, मोजून आणि थंड करून. हे एकदा डोक्यात बसलं की पाककृतींचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं: कोणतंही स्पिरिट (म्हणजे गाळलेली कडक दारू), साखर, पाणी आणि बिटर्स (म्हणजे वनौषधींचा कडू अर्क). चार जिन्नसांत पाण्याचं नाव वेगळं घेतलंय, ते उगीच नाही.

लेख कायद्याने पिण्याचं वय झालेल्यांसाठी आहे. गाडी चालवायची असेल त्या दिवशी नुसतं वाचा.

आधी बाटलीत काय आहे ते समजून घ्या

साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल तयार करतं, हे आंबवणं. साखर कुठून आली यावर दारूची जात ठरते. मोड आणलेली बार्ली, मका किंवा राय असेल तर व्हिस्कीकडे वाट जाते. उसाची मळी किंवा रस असेल तर रमकडे, द्राक्षं असतील तर ब्रँडीकडे, निळ्या अगावेचा, म्हणजे घायपाताच्या एका जातीचा, गाभा असेल तर टकिलाकडे. पण आंबवलेल्या द्रवात अल्कोहोल फार नसतं. माल्ट व्हिस्कीच्या भट्टीत जाणारा द्रव साधारण ८ टक्क्यांचा, म्हणजे कडक बिअरइतकाच.

पुढचं काम आचेचं. अल्कोहोल ७८.३ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी १०० अंशांना. मिश्रण तापवलं की वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं. ती वाफ थंड नळीत नेली की थेंब जमतात. भातावरच्या झाकणाला घाम सुटतो तसेच. आपला ‘अर्क’ हा शब्द ज्या अरबी शब्दातून आला त्याचा अर्थही घामच.

भांडी दोन प्रकारची. तांब्याच्या मोठ्या पोटाच्या भट्टीत एकेक घाणा काढतात: पहिल्या फेरीत २०-२५ टक्क्यांपर्यंत, दुसरीत ७० टक्क्यांच्या आसपास. ती पाणी पुरतं काढत नाही, म्हणून मूळ धान्याची चव मागे राहते. दुसरा प्रकार उंच स्तंभाचा. त्यात द्रव वरून आणि वाफ खालून सतत चालू असते आणि अल्कोहोल ९६ टक्क्यांपर्यंत नेता येतं. व्होडका आणि बहुतेक जिनचा पाया इथला. या स्तंभाचं गाजलेलं पेटंट १८३० साली ईनिअस कॉफी यांनी घेतलं. ते आयर्लंडमधले अबकारी अधिकारी होते. भट्ट्यांवर धाडी घालता घालता माणूस भट्टीच सुधारून बसला, ही गोष्ट मला फार आवडते.

मराठीत कडक आणि अस्सल म्हणजे ‘पहिल्या धारेची’. डिस्टिलरीत मात्र अगदी पहिली धार बाजूला काढतात, कारण तिच्यात अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेटसारखी हलकी, उग्र द्रव्यं असतात. नेलपॉलिश पुसायच्या द्रवाचा वास आठवा. शेवटची धारही बाजूला जाते, तिला ओल्या पुठ्ठ्याची कळा येते. मधली धार ठेवायची. ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे ओळखण्यात भट्टीवाल्याचं कसब.

व्हिस्की मग ओकच्या पिंपात जाते. स्कॉचला किमान ३ वर्षं हवीत. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीत किमान ५१ टक्के मका हवा आणि पिंप नवं, आतून जाळून कोळसा केलेलं हवं. रंग आणि व्हॅनिलासारखा गोडवा त्या जळक्या लाकडातून येतो. रंगावरून वय ठरवू नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला नियमाने मुभा आहे. बाटलीवर १२ वर्षं लिहिलं असेल तर आतली सर्वांत तरुण व्हिस्की १२ वर्षांची आहे, असा अर्थ.

बाटलीत भरायच्या आधी पिंपातली दारू पाणी घालून ४०-४६ टक्क्यांवर आणतात. म्हणजे पाण्याची पहिली परतफेड डिस्टिलरीतच होते. दुसरी तुमच्या हातची.

हे वाचून घरच्या प्रेशर कुकरकडे कुणाची नजर गेली असेल तर ती तिथेच थांबवा. अल्कोहोलची वाफ पेट घेते, बंद स्वयंपाकघरात तिचा भडका उडतो आणि जुगाडी नळ्या-डागांमधून शिसं उतरतं. शिवाय बहुतेक देशांत परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे. न्यूझीलंडने १९९६ पासून स्वतःपुरती सूट दिली, तो अपवाद. शिक्क्याच्या, सीलबंद बाटलीखेरीज काही वापरू नका. भेसळीतलं मेथॅनॉल चवीवरून ओळखता येत नाही आणि ते डोळे घेतं, जीवही घेतं.

पहिल्या पाच बाटल्या

पांढरी रम, जिन, बर्बन किंवा राय व्हिस्की, गोड लाल व्हर्मूथ आणि अँगोस्टुरा बिटर्स. एवढ्यावर सुरुवात होते. नेग्रोनी या कॉकटेलसाठी सहावी, काम्पारी नावाची कडू लाल दारू लागेल, पण ती महिन्याभराने घेतली तरी चालेल.

जिनबद्दल एक सांगतो. चव नसलेलं स्पिरिट घेऊन त्यात जुनिपरची फळं, धणे, अँजेलिकाचं मूळ, लिंबूवर्गीय सालं घालून ते पुन्हा भट्टीतून गाळलं की जिन होते. जुनिपरची चव वरचढ हवी. शिकताना साधी ‘लंडन ड्राय’ घ्या. फुलांच्या, फळांच्या, गुलाबी जिना नंतर. त्यांनी पेय बिघडलं तर बिघाड कुठला हे नवशिक्याला सापडत नाही.

व्होडका मी मुद्दाम यादीत धरली नाही. ती वाईट नाही, पण तिच्याकडून शिकायला फारसं मिळत नाही.

व्हर्मूथ ही वाइन आहे, थोडं स्पिरिट आणि वनौषधी घातलेली, साधारण १६ ते १८ टक्क्यांची. उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. ‘मला मार्टिनी (जिन आणि व्हर्मूथचं कॉकटेल) आवडत नाही’ म्हणणारे कितीतरी लोक खरं तर कपाटात वर्षभर पडलेल्या व्हर्मूथला नावं ठेवत असतात.

हत्यारं

मिलिलिटरच्या खुणा असलेलं माप, धातूच्या दोन पेल्यांचा शेकर, गाळणी, लांब दांड्याचा चमचा आणि भाजीची साल काढायचं सोलाणं. यातलं न चुकवण्यासारखं एकच, माप. ‘अंदाजे’ ओतणारे बारटेंडर तुम्ही पाहिले असतील. ते हजारो पेयं ओतून तिथे पोचलेत. पाच मिलिलिटरने लिंबू वाढलं तर पेय बदलतं, नवशिक्याच्या हाताला तो फरक दिसत नाही. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते, चमच्याऐवजी लांब चॉपस्टिकही.

पाक आणि लिंबू

साखर आणि पाणी वजनाने सारखं घ्या, साखर विरघळेपर्यंत ढवळा. तार वगैरे काढायची नाही. उकळवलं तर पाणी उडतं आणि प्रमाण चुकतं. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. गढूळ दिसला, वास आला की फेका. कोरडी साखर थेट शेकरमध्ये टाकण्याचा आळस करू नका, थंड मिश्रणात ती नीट विरघळत नाही आणि तळाशी बसते.

लिंबू त्याच दिवशी पिळलेलं. बाटलीतला रस नको, त्याला शिजलेली चव असते. लिंबाच्या रसात सुमारे ६ टक्के आम्ल असतं, संत्र्याच्या रसात जेमतेम १ टक्का. म्हणून ‘लिंबू नाही तर संत्रं’ ही अदलाबदल चालत नाही. पेय नुसतं गोड लागेल.

बर्फ

इथे थोडा वेळ काढा, कारण माझी डायक्विरी इथेच मेली होती.

बर्फ थंड असतो म्हणून पेय थंड होतं, असं वाटतं. खरी थंडी बर्फ वितळण्यातून येते. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढी उष्णता काढली तर ८० ग्रॅम पाणी एका अंशाने थंड होतं. ही उष्णता बर्फ तुमच्या पेयातूनच ओढून घेतो. त्यामुळे पेय थंड होणं आणि पेयात पाणी मिसळणं या दोन गोष्टी एकाच घटनेची दोन तोंडं आहेत. एक हवी, दुसरी नको, असं होत नाही. ‘पातळ होईल’ म्हणून कमी हलवलं की पेय कोमटही राहतं आणि कडकही.

दुसरं, पेय शून्याच्याही खाली जातं. पाण्यात अल्कोहोल असलं की गोठणबिंदू उतरतो, बर्फात मीठ घातल्यावर होतं तसंच. नीट हलवलेली डायक्विरी उणे चार-पाच अंशांपर्यंत सहज पोचते. शेकरवर बाहेरून पांढरं दव धरलं आणि हाताला तो सोसवेना झाला की समजा पोचलात.

मग वाटीतला ओला बर्फ का वाईट? त्याच्या अंगावर आधीच वितळलेलं पाणी असतं. त्या पाण्याने आपली थंडी वाटीतच खर्च केलेली असते. पेयात ते नुसतं पाणी म्हणून येतं. बर्फ फ्रीझरमधून थेट शेकरमध्ये गेला पाहिजे आणि भरपूर गेला पाहिजे. कमी बर्फ घातला तर पेय कमी पातळ होईल, हा समज उलटा आहे. थोडा बर्फ भराभर वितळून संपतो आणि तरी पेय पुरेसं गार होत नाही. शेकर काठोकाठ भरा.

आकारही बघा. लहान खड्यांचा पृष्ठभाग जास्त, ते पटकन वितळतात. हलवायला अडीच-तीन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे बरे; ग्लासात ठेवायला एकच मोठा. काचेसारखा स्वच्छ बर्फ हवा असेल तर पाणी उकळून फारसा उपयोग होत नाही. वरून उघडा, बाजूंनी आणि तळातून उष्णतारोधक असा छोटा डबा पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी वरून खाली गोठत जातं, हवा आणि क्षार खाली ढकलले जातात. पूर्ण गोठायच्या आधी काढा आणि तळाचा पांढुरका भाग तोडून टाका. चवीत फार फरक पडत नाही. पण दिसतो फार सुंदर, आणि हौसेला मोल नाही.

पहिलं पेय: डायक्विरी

पांढरी रम ६० मिलिलिटर, लिंबाचा रस २५, पाक २०. ग्लास आधीच फ्रीझरमध्ये ठेवा.

शेकरमध्ये आधी लिंबू, मग पाक, शेवटी रम. माप चुकलं तर स्वस्तातलं ओतून द्यावं लागेल, रम वाचेल. बर्फाने शेकर भरा, पेले एकमेकांत किंचित तिरके बसवून वरून थापटा, दोन्ही हातांनी धरून बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. बर्फ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आपटल्याचा आवाज यायला हवा. खुळखुळा वाजवल्यासारखा नको. थंडीने पेले घट्ट बसतात. उघडताना जोर लावू नका, दोन पेल्यांमधली फट जिथे सुरू होते तिथे तळहाताने बाजूने टोला द्या. गाळून ग्लासात ओता.

आता चव घ्यायच्या आधी एक मोजणी करा, निदान पहिल्यांदा तरी. आत १०५ मिलिलिटर गेलं होतं. बाहेर किती आलं ते मापात ओतून बघा. माझ्याकडे साधारण १४५ येतं. म्हणजे ग्लासातला चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग पाणी आहे, जे कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं. ११५-१२० च आलं असेल तर तुम्ही माझ्यासारखेच घाबरून हलवलंय.

मग चव. आंबटाने जबडा आवळला तर पुढच्या वेळी पाक ५ मिलिलिटर वाढवा. सरबत लागलं तर लिंबू वाढवा. दोन्ही ठीक असून घशात जळत असेल तर रम कमी करू नका, पाच सेकंद जास्त हलवा. लिंबं प्रत्येक वेळी सारखी नसतात, म्हणून ही दुरुस्ती कायमच करावी लागते.

ही चौकट जमली की रमच्या जागी जिन घालून गिमलेटच्या जवळ जाता येतं, व्हिस्की घालून व्हिस्की सावरकडे. सोडा घालायचा असेल तर शेवटी, ग्लासात. शेकरमध्ये सोडा घालून हलवलात तर भिंतीही पितील.

दुसरं पेय: ओल्ड फॅशन्ड

ढवळायचं कधी आणि हलवायचं कधी? रस, दूध, अंडं असं काही गढूळ असेल तर हलवा. सगळंच पारदर्शक असेल तर ढवळा. हलवल्याने हवेचे बारीक बुडबुडे शिरतात; आंबट पेयाला ते शोभतात, व्हिस्कीचा गुळगुळीतपणा मात्र बिघडवतात.

बर्बन किंवा राय ६० मिलिलिटर, पाक ७ ते ८, अँगोस्टुरा दोन झटके. एक झटका म्हणजे जेमतेम एक मिलिलिटर. हे बिटर्स १८२४ साली योहान सीगर्ट या डॉक्टरने व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी औषध म्हणून बनवले. आज ते त्रिनिदादमध्ये बनतात. ४४.७ टक्के अल्कोहोल असूनही आपण त्यांच्याकडे मसाला म्हणून बघतो.

बर्फ भरलेल्या मोठ्या ग्लासात हे सगळं घाला. चमच्याची पाठ काचेला टेकवून गोल फिरवा, बर्फ एकसंध फिरला पाहिजे. आणि इथे मी दर वेळी नवशिक्याला हा प्रयोग करायला लावतो: दहा सेकंदांनी चमच्याच्या टोकाने एक थेंब चाखा. मग वीस, तीस, पंचेचाळीस, साठ. सुरुवातीला व्हिस्की नाकात झोंबते. तिसाच्या आसपास लाकूड, व्हॅनिला, बिटर्सची दालचिनीसारखी ऊब वेगवेगळी लागायला लागते. साठाला सगळं मऊ, आणि पुढे नुसतं पातळ. तुमचा आकडा कुठे येतो ते लिहून ठेवा. माझा पस्तिसाला येतो. माझ्या मित्राला पंचेचाळिसाशिवाय चैन पडत नाही. दोघंही बरोबर आहोत, पण तो जरा कमी.

मोठ्या एका खड्यावर गाळून घ्या. संत्र्याच्या सालीचा अंगठ्याएवढा तुकडा सोलाण्याने काढा, पांढरा भाग शक्य तितका कमी, आणि रंगीत बाजू पेयाकडे धरून मुडपा. तेलाचे बारीक तुषार उडतात. पेयाचा अर्धा वास तिथून येतो.

किती झालं ते मोजा

४० टक्क्यांच्या ६० मिलिलिटरमध्ये २४ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे १९ ग्रॅम. बऱ्याच देशांत ‘एक पेय’ १० ग्रॅमचं धरतात, अमेरिकेत १४, ब्रिटनचं युनिट ८ ग्रॅमचं. म्हणजे एक डायक्विरी म्हणजे ‘एक’ नव्हे, जवळपास दोन. आंबट-गोड चव हे लपवते. चाखून शिकताना अर्ध्या मापाने बनवा, मध्ये पाणी प्या, आणि उरलेलं ओतून द्यायला जड वाटू देऊ नका.

तिसरं पेय, आणि पाहुणे

नेग्रोनी सर्वांत सोपी: जिन, काम्पारी, गोड व्हर्मूथ, प्रत्येकी ३०. बर्फावर ढवळा, संत्र्याची साल. कडू आहे, पहिल्या घोटाला आवडली नाही तर तिसऱ्यापर्यंत थांबा.

सहा-आठ जण येणार असतील तर ती आधीच बाटलीत भरून ठेवता येते, कारण तिच्यात लिंबू नाही. तिन्ही २५० मिलिलिटर घ्या, ७५० होतात. बहुतेक जण इथे थांबतात, बाटली फ्रिजमध्ये ठेवतात आणि ओतल्यावर पाहुण्यांचे डोळे का विस्फारले याचा विचार करत बसतात. फ्रिजमध्ये पेय थंड झालं, पण बर्फ वितळलाच नाही, म्हणजे पाणी आलंच नाही. ते तुम्ही घालायचं: ७५० ला साधारण १५० मिलिलिटर, साधं, पिण्याचं. ग्लासात मोठ्या खड्यावर ओतणार असाल तर एवढं पुरे. बर्फाशिवाय देणार असाल तर २०० घाला. बाटली फ्रीझरमध्ये विसरू नका, पाणी घातल्यावर तिचा गोळा व्हायला लागतो. सालं मात्र ऐनवेळी सोला.